५ वॉटचा हाताने बनवलेला निळा लेझर घ्यावा का? आधी समोरची बिल्डिंग किती फुटांवर आहे ते सांग

प्रश्न थोडक्यात असा आहे. घाटकोपरला भटवाडीत सातव्या मजल्यावर राहणारा मुलगा, नोकरीला लागून दोन वर्षं झालीत, त्याला एक बिल्डर भेटलाय. मुंबईत बिल्डर म्हटलं की भलतंच डोळ्यांसमोर येतं, हा हौसेने लेझर बनवून विकणारा बिल्डर. तो तांब्याच्या बॉडीचा, ४५० नॅनोमीटरचा (हा उजेडाच्या रंगाचा आकडा, ४५० म्हणजे निळा), ५ वॉटचा हातात धरायचा लेझर १८ हजारांत देतोय, "असा एकच पीस आहे" म्हणतोय. मुलगा विचारतोय, दादा, किंमत बरोबर आहे का, चष्मा कुठला घेऊ, गच्चीवरून आकाशात बीम दिसेल का आणि पोलिसांची काही भानगड होईल का.

दादा म्हणालास म्हणून मी पण सरळ तू म्हणतो. माझा साकीनाक्याला छोटा गाळा आहे, लेझर एनग्रेव्हिंग आणि कटिंगची कामं घेतो, पोटापाण्याचं मशीन सीओटू वालं, म्हणजे कार्बन डायऑक्साइड गॅसच्या लेझरचं, आणि हौस मात्र या हातातल्या डायोड लेझरची, २०११ पासून. पंधरा-सोळा पीस बनवले असतील, त्यातले चार मेले, तीन विकले आणि दोन विकल्याचा अजून पश्चात्ताप होतो.

पहिलं उत्तर, किंमत ठीक आहे. तांब्याची बॉडी खरंच लेथवर काढलेली असेल, डायोड, म्हणजे लेझरचा उजेड काढणारा छोटा भाग, नवा असेल आणि ड्रायव्हर, म्हणजे त्याला करंट देणारं सर्किट, नीट सेट केलेला असेल तर १८ हजार जास्त नाहीत. पण तुझा खरा प्रश्न किमतीचा नाहीच. खरा प्रश्न हा की घाटकोपरला तो लावणार कुठे?

बघ, गणित सांगतो, शाळेतल्यापेक्षा सोपं आहे. लेझरचा बीम जसजसा लांब जातो तसा पसरतो आणि एका ठरावीक अंतरानंतर तो चुकून डोळ्यात गेला तरी पापणी मिटेपर्यंतच्या पाव सेकंदात इजा होत नाही असं धरतात. बीमचा पसराव १ मिलिरेडियन असेल, म्हणजे १०० मीटरवर १० सेंटीमीटरचा ठिपका, तर साध्या ५ मिलीवॅट पॉइंटरसाठी हे अंतर साधारण १६ मीटर येतं. ५० मिलीवॅटला ५० मीटर. १ वॉटला सव्वादोनशे मीटरच्या आसपास. आणि तुझ्या ५ वॉटला अर्धा किलोमीटर. अर्धा किलोमीटर! शिवाजी पार्कच्या मैदानात या कोपऱ्यात तू आणि त्या कोपऱ्यात मी उभा राहिलो तरी मी सुरक्षित नाही. ५ वॉटच्या निळ्या डायोडचा बीम एवढा बारीक नसतो, तो एका दिशेला पट्टीसारखा पसरतो म्हणून अंतर थोडं कमी होईल, निम्मं धर. अडीचशे मीटर. तुझ्या गॅलरीसमोरची बिल्डिंग किती लांब आहे? साठ फूट? म्हणजे अठरा-वीस मीटर. समोरच्या काकू कपडे वाळत घालताना दिसतात ना, बस तेवढं.

आणि बीम फक्त सरळच जातो असं नाही. साध्या खिडकीच्या काचेच्या प्रत्येक बाजूवरून साधारण ४% उजेड परत येतो, दोन्ही बाजूंचा मिळून ८%. ५ वॉटचे ८% म्हणजे ४०० मिलीवॅट. म्हणजे तू खिडकी बंद करून "बाहेर जाणारच नाही" असं समजत असशील तर बहुतेक सगळा बाहेर गेलाच आणि वर ४०० मिलीवॅट तुझ्याच खोलीत परत आला, आणि तो ४०० सुद्धा क्लास ३बी आहे, डोळा घालवायला पुरेसा. क्लासचं पण एका दमात सांगून टाकतो, दिसणाऱ्या उजेडाचा १ मिलीवॅटपर्यंत क्लास २, ५ पर्यंत ३आर, ५०० पर्यंत ३बी, त्याच्यावर सगळं क्लास ४. क्लास ४ चा अर्थ असा की सरळ बीमच नाही, भिंतीवर पडलेला ठिपका जवळून बघत बसणंसुद्धा धोक्याचं, आणि काळं कापड, कागद पेटू शकतो. तुझा पीस ५०० मिलीवॅटच्या रेषेच्या दहापट वर आहे.

माझीच गोष्ट सांगतो, २०१४ सालची. घरातल्या टेबलावर २ वॉटचा निळा फोकस करत होतो, चष्मा माझ्या डोळ्यांवर, सगळं शहाण्यासारखं. शेजारी चहाच्या कपावर स्टीलचं झाकण होतं. हात जरासा हलला आणि ठिपका झाकणावर गेला आणि तिथून एक निळी रेघ छतावरून, कपाटावरून, दरवाजाच्या चौकटीवरून सर्रकन फिरली. चौकटीत बायको उभी, जेवायला बोलवायला आलेली. तिच्या खांद्याच्या वर वीतभर गेली असेल. तिला काही कळलंच नाही, ती म्हणाली "काय रे, डिस्को लावलास का," आणि माझे मात्र हात थरथरायला लागले. चष्मा माझ्याकडे एकच होता. तेव्हापासून दाराला आतून कडी, टेबलावर स्टीलचं एक भांडं नाही, हातात घड्याळ नाही, अंगठी नाही, आणि खोलीत जेवढी माणसं तेवढे चष्मे. हे मी कुणाला घाबरवायला सांगत नाहीये. पण आपल्या घरात स्टीलची भांडी किती असतात ते बघ एकदा मोजून.

डोळ्याचं एक लक्षात ठेव, रेटिना जळली तर दुखत नाही. तिथे दुखणं कळवणारी नसच नाही. डोळ्याचं भिंग स्वतःच बीमला गोळा करून अगदी बारीक बिंदूवर आणतं, म्हणून हातावर टाकला तर फक्त चटका बसणारा बीम डोळ्यात मात्र मधोमध भोक पाडतो. आणि मेंदू ते भोक आजूबाजूच्या रंगाने भरून टाकतो, त्यामुळे लहान डाग असेल तर लोकांना आठवडाभर कळतही नाही, मग एक दिवस एक डोळा झाकून पेपर वाचताना शब्दामधलं एक अक्षर गायब. ते परत येत नाही. कोल्हापूर-पुण्याकडे गणपतीच्या मिरवणुकीतल्या लेझरनं पोरांच्या डोळ्यांना इजा झाल्याच्या बातम्या वाचल्याच असशील, तिथे तर बीम सतत फिरत होते आणि लांब होते. तुझा एका जागी आणि जवळ असणार.

म्हणून चष्मा. १८ हजार बाजूला ठेवतोयस तर त्याच्याआधी चष्म्याचे पैसे बाजूला ठेव. लेझरच्या चष्म्यावर दोन गोष्टी छापलेल्या असायलाच हव्यात, कुठल्या नॅनोमीटरसाठी आणि ओडी किती. ओडी ४ म्हणजे दहा हजार भागांतला एकच भाग आत येतो, म्हणजे ५ वॉटचा अर्धा मिलीवॅट. बरोबर एवढंच आपल्याला हवं. ओडी २ म्हणजे शंभरातला एक, ५ वॉटचे ५० मिलीवॅट आत, त्याला चष्मा म्हणायचंच नाही. निळ्यासाठी काच नारिंगी दिसते. लाल लेझरला हा चष्मा बिलकुल चालत नाही, लाल त्यातून आरपार जातो, त्याला निळसर-हिरवट काच लागते. आणि नुसता रंग बघून घेऊ नकोस, नारिंगी प्लास्टिक तर जत्रेतल्या चष्म्याला पण असतं. मशीनबरोबर फुकट येणारे हिरवे चष्मे, वेल्डिंगचा चष्मा, ब्रँडेड सनग्लास, हे सगळं विसर. नावाजलेल्या कंपनीचा, युरोपच्या ईएन २०७ स्टँडर्डचा शिक्का असलेला घे. दोन घे. एक दोस्तासाठी, कारण दोस्त येणारच "दाखव ना" म्हणून.

आता पॉवरचं वेड. हे मला मनापासून सांगायचंय कारण मी स्वतः चार वर्षं या नादात घालवली. नवीन पोरांना वॉट म्हणजे सीसी वाटतो, जितका जास्त तितकी गाडी भारी. डोळ्याला वॉट कळत नाही रे. डोळा सगळ्यात तिखट बघतो ५५५ नॅनोमीटरच्या पोपटी हिरव्याला. त्याला १०० धरलं तर ५३२ चा हिरवा ८८, ५२० चा हिरवा ७१, आणि ४५० चा निळा किती? ४ पण नाही. हवेतले कण निळ्याला थोडं जास्त विखुरतात त्याचा निळ्याला जरा फायदा होतो, तो धरूनही १०० मिलीवॅटचा हिरवा बीम हवेत वॉट-दीड वॉटच्या निळ्याएवढा उठून दिसतो. म्हणजे तुला बीम बघायचाय तर ५ वॉट निळा हा चुकीचाच रस्ता आहे. ५ वॉट निळ्याचा एकच उपयोग, जाळणे. काडेपेटी पेटवणे, फुगा फोडणे, लाकडावर नाव काढणे. काडेपेटी एक रुपयाला मिळत होती तेव्हाही मी हे केलंय आणि आता दोनला मिळते. तिसऱ्या दिवशी कंटाळा येतो. लाकडावर नाव काढायचं असेल तर झाकण असलेलं डेस्कटॉप एनग्रेव्हर मशीन घे, तोच डायोड, पण डब्यात बंद आणि हात न थरथरता सरळ रेघ मारणारा.

हे निळे डायोड आले कुठून ते पण ऐक, मला ही गोष्ट फार आवडते. १९६० ला थिओडोर मायमनने पहिला लेझर चालवला तो माणकाचा, लाल. त्यानंतर निळा सेमीकंडक्टर लेझर यायला पस्तीस वर्षं लागली, जपानच्या निचिया कंपनीत शुजी नाकामुरा होता त्याच्या हातून. २०१४ चं नोबेल त्याला आणि आणखी दोघांना मिळालं ते निळ्या एलईडीसाठी. मग २०१० च्या सुमारास कॅसिओने दिव्याऐवजी निळे लेझर डायोड लावलेले प्रोजेक्टर काढले, एकेका प्रोजेक्टरमध्ये दोन डझन डायोड, आणि जगभरच्या हौशी लोकांनी हिशोब केला की सुटा डायोड घेण्यापेक्षा अख्खा प्रोजेक्टर फोडणं स्वस्त. तिथून वॉटवाले निळे लेझर लोकांच्या हातात आले. त्याआधी आम्ही डीव्हीडी बर्नर फोडायचो, लाल ६५० च्या आसपासचा, दोन-अडीचशे मिलीवॅट मिळाला तरी पार्टी. लॅमिंग्टन रोडवर, मुंबईच्या इलेक्ट्रॉनिक्सच्या बाजारात, भंगारातले डीव्हीडी रायटर पन्नास-साठ रुपयांना उचलायचे आणि दहातले तीन डायोड जिवंत निघायचे.

बरं, तुझा तो पीस. घेणार असशीलच तर काय बघायचं ते सांगतो. आधी बिल्डरला विचार डायोड कुठला, ड्रायव्हर किती अँपिअरला सेट केलाय आणि पॉवर मीटरवर मोजलीय की डायोडच्या डेटाशीटवरून सांगतोयस. या तीन प्रश्नांत माणूस कळतो. ज्याने स्वतः बनवलाय तो पंधरा मिनिटं बोलत बसेल, तुला चहा पाजेल. ज्याने बाहेरून आणून तांब्याच्या नळीत घातलाय तो "भाऊ एकदम टॉप क्वालिटी" म्हणेल.

तांब्याचं कौतुक उगाच नाहीये. ५ वॉट उजेड बाहेर काढायला डायोडला साधारण १४-१५ वॉट वीज खावी लागते, उरलेले नऊ-दहा वॉट उष्णता. एवढ्याशा ९ मिलीमीटरच्या डबीतून नऊ-दहा वॉट, सोल्डरिंग आयर्नचं टोकच समज. तांबं उष्णता वाहून नेतं ॲल्युमिनियमच्या जवळपास दुप्पट, पितळेच्या तिप्पट-चौपट. स्टेनलेस स्टीलचं तर नावच नको, ते तांब्याच्या जेमतेम पंचविसावा हिस्सा नेतं, दिसायला चकचकीत आणि डायोडला फाशी. पण तांबं म्हणजे जादू नाही. १०० ग्रॅमचा तांब्याचा गोळा असेल आणि दहा वॉट उष्णता आत जात असेल तर एका मिनिटात तो पंधरा-सोळा डिग्रीने तापतो. मेमध्ये आपल्याकडे खोलीतच ३३-३४ असतं, म्हणजे मिनिटभरात पन्नासच्या जवळ, आणि हे बाहेरच्या बॉडीचं, आतला डायोड त्याच्याहून गरम. म्हणून मिनिटभर चालू, दोन-तीन मिनिटं बंद, हा नियम पाळावाच लागतो. आणि तांबं आणि डायोडचं मॉड्यूल, म्हणजे डायोड ज्यात बसवतात ती छोटी नळी, यांच्यामध्ये जर फट असेल, थर्मल पेस्ट, म्हणजे उष्णता वाहून नेणारा लेप, नसेल, स्क्रूने नुसतं अडकवलेलं असेल, तर तांबं अख्खं किलोभर असलं तरी शोभेचं. बॉडी हातात घे, तीस सेकंद चालव. डोक्याकडचा भाग कोमट झालाच पाहिजे. गार राहिला तर आनंद मानू नकोस, त्याचा अर्थ उष्णता बाहेर येतच नाहीये.

आटे बघ. शेपटीचं झाकण फिरवून बघ, आट्यांत वाळू फिरल्यासारखी खरखर येते का लोण्यासारखं फिरतं. साकीनाक्याला, कुर्ल्याला, नाहीतर नागदेवी स्ट्रीटच्या आसपास चांगले लेथवाले आहेत, पण तांबं हे त्यांचं नावडतं काम, चिकट असतं, टूलला लागतं, बोअर गुळगुळीत येत नाही. माझा जो लेथवाला होता, आता गावाला गेला, तो तांब्याचा रॉड बघितला की म्हणायचा "साहेब, याच्यापेक्षा माझी किडनी घ्या." कॉपर रॉड मी गुलालवाडीतून किलोवर आणायचो आणि निम्मा रॉड भुसा होऊन जायचा. त्यामुळे कोणी नीट काम करून दिलं असेल तर त्याची मजुरी कापायला जाऊ नकोस, हे पण सांगतो.

बॅटरी. १८६५० सेल असणार, बहुतेक एक किंवा दोन. त्यावर ९८०० एमएएच लिहिलेलं असेल तर सेल तिथेच परत दे, या साइजमध्ये खरा चांगला सेल साडेतीन हजारच्या आसपास थांबतो, वरचं सगळं स्टिकर. निळ्या डायोडला चार-साडेचार व्होल्ट लागतात आणि एक सेल भरलेला असताना ४.२ आणि मग ३.७ वर येतो, म्हणून एका सेलवाल्यात व्होल्टेज वाढवणारा बूस्ट ड्रायव्हर लागतो, तो सेलमधून खूप करंट खेचतो, पाच-सहा अँपिअर सहज. लॅपटॉपच्या जुन्या बॅटरीतून काढलेला सेल एवढं देताना तापतो. दोन सेलवाला असेल तर मला जास्त आवडेल. सेल बाहेर काढून चार्ज करायचा, चांगल्या चार्जरमध्ये, आणि लेझर ठेवून देताना सेल बाहेर. कायम. लहान भाचा-पुतण्या घरी येतो ना?

स्विच कसला आहे ते बघ. एकदा दाबला की चालूच राहणारा टॉर्चसारखा स्विच ५ वॉटला मला पटत नाही. दाबून धरलं तरच चालू आणि सोडलं की बंद, असा हवा. हातातून सुटला तर तो जमिनीवर गरागरा फिरत बीम फेकत राहिला नाही पाहिजे. किल्ली असेल तर उत्तम.

ड्रायव्हरची गंमत थोडी सविस्तर सांगतो, कारण तू पुढे स्वतः बनवशील हे मला दिसतंय, एकदा हा किडा चावला की सुटत नाही. लेझर डायोडला व्होल्टेज नाही द्यायचं, ठरलेला करंट द्यायचा. बल्ब असता तर जरा जास्त गेलं तर जास्त उजेड, नंतर उडाला. डायोड तसा नाही, त्याच्या पुढच्या तोंडावरचा आरसा इतका नाजूक की एका क्षणाचा लाखावा भाग करंट जास्त गेला की तो आरसा जळतो आणि मग तो लेझर राहत नाही, नुसता एलईडी. उजेड येतो, बीम येत नाही. आमच्यात म्हणतात "एलईडी झाला." म्हणून ड्रायव्हर आधी खोट्या डायोडवर तपासायचा. लॅमिंग्टन रोडवर जाऊन साधे रेक्टिफायर डायोड घे, निळ्यासाठी सहा, लालसाठी तीन-चार, सगळे एका मागोमाग जोडायचे, त्यांच्यासोबत एक ओहमचा दहा वॉटवाला पांढरा रेझिस्टर. ड्रायव्हर चालू कर आणि मीटर व्होल्टवर ठेवून रेझिस्टरच्या दोन टोकांना लाव. एक ओहम असल्यामुळे जेवढे व्होल्ट तेवढेच अँपिअर, ०.८ दाखवलं तर ०.८ अँपिअर. बारीक पेचकसने ड्रायव्हरचा स्क्रू फिरवत हव्या त्या आकड्यावर आण. पाच मिनिटं तसंच चालू ठेव, आकडा स्थिर राहतो का बघ, रेझिस्टरला हात लावू नकोस, भाजतो.

आणि आता ऐक माझा पहिला डायोड कसा गेला. सगळं वरच्यासारखं केलं, आकडा बरोबर, ड्रायव्हर बंद केला, खोटा डायोड काढला, खरा डायोड जोडला, बॅटरी लावायच्या आधीच "टिक" असा बारीक निळा चमका आणि खलास. ड्रायव्हरवरच्या कॅपॅसिटरमध्ये चार्ज राहिला होता, तो एका झटक्यात डायोडमध्ये गेला. कुणी सांगितलंच नव्हतं की मधे एकदा आउटपुटच्या दोन वायरी एकमेकींना टेकवून चार्ज मारायचा. बाहेरून मागवलेला डायोड, पार्सलची दीड महिना वाट बघितलेली, आणि अर्ध्या सेकंदात तो देव्हाऱ्यातला निळा दिवा झाला. तो मी अजून ठेवलाय डबीत.

डायोड मॉड्यूलमध्ये बसवताना घट्ट बसतो, हाताने जात नाही. शेगडा, म्हणजे बेंच व्हाइस घे, छोटा चालेल, मॉड्यूलचं पुढचं तोंड एका जबड्याला आणि डायोडच्या कडेवर बसेल अशी पोकळ नळी दुसऱ्या बाजूला, म्हणजे पिना नळीच्या पोकळीत सुरक्षित. मग दांडा अगदी हळू, पाव पाव आटा फिरवायचा. आधी काही होत नाही, मग जरासा विरोध लागतो, मग एकदम दांडा जड होतो, तिथेच थांब. डायोड कडेपर्यंत बसला. अजून पाव आटा फिरवलास तर काच तडकते. हे लिहून समजत नाही, हाताला कळावं लागतं, म्हणून पहिल्यांदा मेलेल्या डायोडवर कर. हाताला स्टॅटिकचा पट्टा बांध. पावसाळ्यात आपल्या दमट हवेत स्टॅटिक फारसं जमत नाही, मुंबईच्या हवेचा तेवढा एकच फायदा, जानेवारीत मात्र जपून.

दमट हवेचं नुकसान भिंगाला. लेन्सवर बुरशी धरते, आणि लेन्सवर एक डाग, एक केस, एक बोटाचा ठसा असला की एवढ्या पॉवरला तो तिथेच भाजून कोटिंगला चिकटतो. तोंडाने "हा" करून रुमालाने पुसायचं नाही. हवेच्या फुग्याने धूळ उडव, मग आयसोप्रोपाइल अल्कोहोल आणि लेन्सचा कागद, एकदाच एका दिशेने. ठेवायचा तो हवाबंद डब्यात, सिलिका जेलच्या पुड्यांबरोबर. तांबं काळं पडेल, पडू दे, मला तर तेच आवडतं, पण आवडत नसेल तर चिंच आहेच घरात. फक्त आतले आटे आणि लेन्सपासून लांब.

गच्ची आणि पोलीस. तू राहतोस भटवाडीत, मुंबई विमानतळाच्या मोठ्या धावपट्टीवर पूर्वेकडून उतरणारी विमानं घाटकोपरवरूनच जातात, तुझ्या गच्चीवरून त्यांची चाकं दिसत असतील. तिथून आकाशात बीम? अजिबात नाही, हिरवा नाही, निळा नाही, पाच मिलीवॅटचा पण नाही. तुला खालून तो ठिपका वाटतो, पण तीन किलोमीटरवर तो तीन मीटर रुंद झालेला असतो आणि कॉकपिटच्या काचेवरच्या बारीक ओरखड्यांवर पसरून अख्खी काच पेटल्यासारखी होते, ते पण नेमकं उतरताना. पायलटचा डोळा जळणार नाही कदाचित, पण काही सेकंद त्याला धावपट्टी दिसणार नाही. मुंबई पोलीस विमानतळाच्या परिसरासाठी लेझर बीम, आकाशकंदील, पॅराग्लायडर वगैरेवर बंदीचे आदेश वेळोवेळी काढतात, आधी ते १४४ कलमाखाली असायचे, १ जुलै २०२४ पासून नवीन नागरिक सुरक्षा संहितेचं १६३. मोडलं तर न्याय संहितेच्या २२३ खाली गुन्हा. आणि बीमचं वैशिष्ट्य असं की त्याचं दुसरं टोक थेट तुझ्या गच्चीवर येतं, शोधायला काही लागत नाही. लोकलच्या मोटरमनवर, रस्त्यावरच्या गाडीवर, समोरच्या खिडकीवर, कुत्र्यावर पण नाही. मित्र सांगेल "एकदाच मार ना रे." नाही मारायचा.

आकाशात तारे दाखवायला म्हणून हवाय असं असेल, वांगणी-नेरळला आकाशदर्शनाला जातोस असं तू लिहिलंयस म्हणून सांगतो, तिथे ५ मिलीवॅटचा हिरवा पुरतो, आणि तिथल्या अंधारात तो टॉवरसारखा उभा दिसतो. तो पण एकाच अनुभवी माणसाच्या हातात, विमान दिसलं की बंद. फक्त स्वस्तातला ५३२ चा हिरवा घेताना सांभाळ. त्याच्यात सरळ हिरवा डायोड नसतो, ८०८ चा इन्फ्रारेड डायोड एका क्रिस्टलला पेटवतो, त्यातून १०६४ निघतो, दुसरा क्रिस्टल त्याचा अर्धा करून ५३२ हिरवा बनवतो. शेवटी इन्फ्रारेड अडवणारा फिल्टर लागतो आणि स्वस्तवाल्यांत नेमका तोच गाळतात. २०१० मध्ये अमेरिकेच्या एनआयएसटी या मापनसंस्थेने असा एक पॉइंटर तपासला, १० मिलीवॅटचा म्हणून विकलेला, हिरवा मंद आणि न दिसणारा इन्फ्रारेड जवळपास २० मिलीवॅट. न दिसणाऱ्याला पापणी पण मिटत नाही. शिवाय डिसेंबरच्या थंडीत हे मिणमिणतात, कारण आतला डायोड गार झाला की त्याची वेव्हलेंथ सरकते आणि क्रिस्टलला ती खपत नाही. त्यापेक्षा सरळ ५२० चा डायोडवाला घे, थंडीत पण चालतो, फिल्टरची भानगड नाही.

तर माझं मत विचारशील तर त्या बिल्डरला सांग, बॉडी तीच ठेव, तांबं तेच, पण आत ५२० चा ५० मिलीवॅटच्या आसपासचा सिंगल मोड डायोड आणि चांगली काचेची लेन्स बसवून दे. बीम गोल आणि बारीक येईल, भिंतीवर पट्टी नाही. डायोड स्वस्त आहे, पाच-सहा हजार तरी वाचतील, त्यात दोन चष्मे बसतात, ५२० चे, नारिंगीच पण छापील आकडा बघून. तेवढ्या पॉवरला तांबं गरमच होणार नाही, हवा तेवढा वेळ चालव. रात्री दार लावून, अगरबत्ती पेटवून खोलीतल्या खोलीत बीम बघ, काळ्या पुठ्ठ्यावर संपव, आरसे-प्रिझम लाव. हा पण ३बीच आहे, चष्मा लागतोच, हात चुकला तर समोरच्या काकूंपर्यंत धोका जातोच, पण ५ वॉटसारखा अडीचशे मीटरपर्यंत जात नाही. आणि ५ वॉटचाच हवा असेल, हट्टच असेल, तर घे बाबा, पण मग तो गाळ्यात, बिनखिडकीच्या खोलीत, शेवटी वीट उभी करून. घाटकोपरच्या वन बीएचकेत नाही.

घ्यायच्या आधी तो पीस मोजून बघायचा असेल तर माझ्याकडे थर्मोपाइलवालं, म्हणजे उष्णतेवरून लेझरची पॉवर मोजणारं, मीटर आहे. रविवारी गाळा बंद असतो पण अकरानंतर मी असतो. त्या बिल्डरला पण घेऊन ये, चहा माझ्याकडून. त्याने पाच वॉट म्हटलंय ना, बघू मीटर काय म्हणतो, मागे एक जण असाच "सात वॉट" घेऊन आला होता आणि काटा तीनवर थांबला होता.